सुगरणीसाठी लेन्स

नांदुऱ्याला आमच्या घरी सिनेमाचा कॅमेरा आला तो डॉक्टरांच्या एका मित्रामुळे. डॉक्टर म्हणजे माझे यजमान. चारचौघांत मी त्यांना डॉक्टरच म्हणत आले, तेच इथेही म्हणते. मित्र कायमचा विलायतेला निघाला आणि जाताना आपला कॅमेरा आणि भिंतीवर चित्र टाकायचं यंत्र आमच्या गळ्यात घालून गेला. "तिकडं याहून बरे मिळतात," म्हणाला.

डॉक्टर डोळ्यांचे. स्टेशनच्या रस्त्यावर पुढे दवाखाना आणि मागे आम्ही. त्यांना कॅमेऱ्यापेक्षा कॅमेऱ्याच्या काचेत रस. त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली, मलमलीनं पुसली, आपल्या पद्धतीनं तपासली आणि 'काच चांगली आहे' असं सांगून कॅमेरा माझ्या हातात दिला. मी चिखलीची, बी.एस्सी. झालेली. लग्न होऊन तीन-चार वर्षं झाली होती. प्रयोगशाळा सुटल्याची रुखरुख मनात होतीच. त्या चावीच्या कॅमेऱ्यानं ती थोडी शमली.

महाराष्ट्र होऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील. फिल्म मुंबईहून यायची आणि भरली की धुवायला परत मुंबईलाच जायची. एक रीळ जेमतेम चार मिनिटांचं, तेही मध्येच कॅमेरा उघडून, रीळ उलटवून पुन्हा घालायचं. चावी पिळली की कॅमेरा अर्धा मिनिट कुरकुरत चालायचा, मग थांबायचा. आवाज वगैरे काही यायचा नाही. तरीही भिंतीवर आपली तुळस हलताना पाहिली तेव्हा मी ते रीळ तीनदा लावलं होतं.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, या सगळ्यात गोडी नव्हती. त्यांचं मन शेतावर. गावापासून जवळच आमचं वावर होतं. बैलांच्या दमणीतून त्या एक दिवसाआड तिथे जायच्या. वावरात एक मोठी विहीर आणि तिच्यावर पूर्ण ओणवलेली बाभूळ. श्रावणात त्या बाभळीच्या फांद्यांना सुगरणीचे खोपे लोंबायचे, थेट पाण्यावर. एकदा मी त्यांच्यासोबत गेले होते. आम्ही दोघी विहिरीच्या कठड्यावर बसून पाहत होतो. पिवळ्या डोक्याचं एक पाखरू ज्वारीच्या पानाची लांब चिंधी चोचीत धरून आलं आणि खोप्याला उलटं लटकून विणू लागलं.

मी म्हटलं, "आत्याबाई, हा नर आहे. यांच्यात घर नर बांधतो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बैल दूध देतो म्हटलं होतं.

"मंग तिचं नाव सुगरन काऊन ठेवलं लोकायनं? ते पिवयी हाय ना, तेच बाई. हयद लावेल हाय तिले. आन् ते मातकट, भुरकं हाय ना, थो तिचा बुवा. येते, पाहते, आन् उडून जाते. घर बांधाचं सोडून गावभर हिंडते. बुवाच हाय थो."

हळद लागलेली ती बाई, आणि नुसता बघून जाणारा तो बाप्या. माझ्याकडे पुस्तकातलं एक वाक्य होतं. आत्याबाईंकडे जन्मभर पाहिलेली विहीर होती आणि शिवाय मराठी भाषाही त्यांच्याच बाजूला होती. मी म्हटलं, अंडी कोण उबवतं ते पाहिलं की कळेल. आत कोण शिरून बसतं, पिल्लांना कोण भरवतं. त्या म्हणाल्या, "पाहू. आता मायी नजर काई पहिल्यासारखी नाई. तुया डब्यात पकड त्याले, मंग पाहू."

अशी सुरुवात झाली.

कॅमेरा नेऊन एक रीळ मी तिथेच भरलं. महिन्यानं ते धुऊन आलं. डॉक्टर दवाखान्यात ज्या अंधारखोलीत डोळे तपासायचे, तिथे अक्षरांचा तक्ता काढून आम्ही चित्र पाहायचो. पडदे ओढले, यंत्र लावलं. भिंतीवर आभाळ आलं, बाभूळ आली, विहिरीचा कठडा छान आला. खोपे म्हणजे वाळल्या दोडक्याएवढे काहीतरी, आणि पाखरं म्हणजे हलणारे ठिपके. पिवळं कोणतं आणि भुरकं कोणतं हेच कळेना.

"माशा होत काय ह्या?" आत्याबाईंनी विचारलं.

जवळ जाऊन काढावं, तर मध्ये विहीर. फांदी पाण्यावर, आम्ही कठड्यावर. त्यापुढे पाऊल टाकायला जागाच नव्हती.

डॉक्टरांनी आधी घरचा उपाय केला. चष्म्याचा नंबर काढायची त्यांची पेटी असायची, मखमलीच्या खाचांत ओळीनं काचा. त्यातली एक फुगीर काच त्यांनी कॅमेऱ्यापुढे धरली आणि म्हणाले, आता वीतभर अंतरावरचं काढून पाहा. मी तुरीच्या फुलात शिरणारी मुंगी काढली. आत्याबाईंची वात वळणारी बोटं काढली. ते रीळ धुऊन आलं तेव्हा आम्ही तिघंही भिंतीजवळ सरकलो. मुंगी भिंतीवर मांजराएवढी होती. फुलाच्या पाकळीवरच्या शिरा दिसत होत्या. बोटांच्या चिरांत अडकलेला कापूस दिसत होता.

"मग हीच काच लावून सुगरण काढू," मी म्हटलं.

"नाही जमायचं," डॉक्टर म्हणाले. "ही जवळच्यासाठी. दूरचं जवळ आणायचं तर लेन्सच लांब पाहिजे."

मग आमच्या घरात तो वाद सुरू झाला, जो पुढे बरेच महिने चालला. मला नवा कॅमेरा हवा होता. तेव्हा नवे कॅमेरे येऊ लागले होते. त्यांना चावी पिळावी लागत नसे, आत बॅटऱ्या. रीळ उलटवायचं नाही, बंद डबी टाकली की झालं. आणि लेन्स अशी, की एक दांडी ओढली की दूरचं जवळ आणि जवळचं दूर. सुगरण नेमकी खोप्यात शिरायला आणि माझी चावी संपायला एकच गाठ पडायची. त्याचा मला जीव जाईस्तोवर कंटाळा आला होता.

डॉक्टरांचं म्हणणं उलटं. "माणसाला दिसेनासं झालं तर आपण माणूस बदलत नाही. काच बदलतो."

"तुम्हाला सवयच लागली आहे सगळ्यांना काच लावायची."

"बरं, मग मला सांग, कॅमेऱ्यात पाहतं कोण? मागचा डबा तर फिल्म ओढतो फक्त. पाहते ती काच. डबा नवा घेतला अन् काच साधी निघाली, तर माश्या पुन्हा माश्याच."

"आणि चावी?"

"चावी तू पिळशील. हात आहेत."

दोन्ही एकदम घेणं शक्य नव्हतं. जेवताना हा विषय निघाला की आत्याबाई भाकरी थापत ऐकत राहायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "कशातून पाखरू मोठं दिसते? तेवढं सांगा न बापा." पण आम्ही दोघांनीही त्या दोन्ही वस्तू डोळ्यांनी पाहिल्याच नव्हत्या.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांना कामासाठी मुंबईला जायचं होतं. मी कॅमेरा पिशवीत घालून सोबत गेले. फोर्टातल्या एका दुकानदारानं काउंटरवर निळी मखमल अंथरली आणि विचारलं, "काय, लग्नाचं काढायचंय? मुंजीचं?"

"सुगरण काढायची आहे."

"स्वयंपाक करताना?" तो म्हणाला. डॉक्टर हसू दाबत रस्त्याकडे बघायला लागले.

पक्षी आहे म्हटल्यावर मात्र त्याला खरंच गंमत वाटली. समोरच्या इमारतीच्या सज्जावर कबुतरं बसली होती. त्यानं नवा कॅमेरा माझ्या हातात दिला. दांडी ओढली तसा सज्जा सरकत पुढे आला, अगदी गुळगुळीत, आवाज न करता. मी नुसती ती दांडीच मागेपुढे करत राहिले. माझा निर्णय जवळजवळ झाला होता. मग त्यानं खणातून एक वापरलेली लांब लेन्स काढली. आमच्या जुन्या कॅमेऱ्याची पुढची काच आट्यांनी निघते, हे मला तोवर माहीत नव्हतं. ती काढून त्यानं ही लावली. पण पाहायचं कसं? त्या कॅमेऱ्यात पाहायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. खिडकीतून कबुतर होतं तेवढंच दिसलं.

त्यानं कॅमेऱ्याचं दार उघडलं. फिल्म असते त्या जागी तेलकट कागदाचा एक बारका तुकडा बसवला, कळ दाबून धरली आणि म्हणाला, "आता मागून बघा."

कागदावर नखाएवढं चित्र होतं. कबुतर उलटं, पाय वर, पण पूर्ण जागा व्यापून. त्याची मान हलली की गळ्यावरचा जांभळा रंग फिरायचा. नव्या कॅमेऱ्यात दांडी शेवटपर्यंत ओढूनही ते एवढं मोठं झालं नव्हतं. मी पुन्हा तो पाहिला, पुन्हा हा.

दुकानदार प्रामाणिक होता. "बाई, एक सांगतो. या जुन्या कॅमेऱ्याची फिल्म पुढे यायची बंद होईल. मग ही लेन्स काही कामाची नाही. नव्याला ती बसणार नाही."

"किती वर्षांनी बंद होईल?"

"ते मला कसं सांगता येईल?"

सुगरण श्रावणात येणार होती, आणि श्रावणाला दोन-अडीच महिने होते. मी लेन्स घेतली. येताना गाडीत कितीतरी वेळ मला त्या दांडीची आठवण येत होती.

घरी आल्यावर खरी कामं कळली. खिडकीतून पाहिलेलं आणि लेन्सनं पाहिलेलं जुळत नव्हतं. आम्ही दुकानदारासारखा तेलकट कागद लावला, कॅमेरा दवाखान्याच्या पायऱ्यांवर ठेवून पाण्याच्या टाकीवर रोखला आणि टाकी कागदावर जेवढी येते तेवढीच चौकट काळ्या कागदातून कापून खिडकीवर डकवली. आत्याबाई चष्मा सावरत मागून डोकावल्या.

"टाकी उलटी काऊन?"

"आपल्या डोळ्यातही उलटीच पडते, आई," डॉक्टर म्हणाले. "मेंदू सरळ करतो."

"तुले कोनं सांगतलं?" त्यांनी विचारलं. मग बराच वेळ एक डोळा मिटून त्या अंगणातल्या वस्तूंकडे बघत होत्या.

दुसरी अडचण थरथरीची. लांब लेन्समधून माझ्या हाताची नाडीसुद्धा दिसायची. त्यावर आत्याबाईंनीच तोड काढली. सरकी भरलेलं अर्धं पोतं त्यांनी कठड्यावर ठेवायला लावलं. कॅमेरा त्यात दाबून बसवला की तो घरट्यातल्या अंड्यासारखा स्थिर राहायचा. मागे आम्ही कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि तुराट्यांचा आडोसा केला. त्या श्रावण-भादव्यात सासू-सून दोघी त्या आडोशात सकाळच्या सकाळ बसायचो. मी चावी पिळून तयार असायचे. आत्याबाई माझ्या खांद्यावर बोट टेकवून सांगायच्या, "आलं. डाव्या खोप्यावर. लाव."

सगळी रिळं धुऊन दिवाळीच्या आसपास आली. डॉक्टरांनी ती जोडून एक केलं. अंधारखोलीत आत्याबाईंसाठी पुढे खुर्ची ठेवली.

पिवळ्या डोक्याचा पक्षी भिंतभर आला. चिंधी एका पायाखाली दाबून, चोचीनं टोक आत ओवून, पलीकडून ओढून काढत होता. खोपा अर्धा झाला की तो त्याला लटकून पंख फडफडवायचा. भुरकी आली. तिनं आत डोकं घातलं, दोन-तीन धागे ओढून पाहिले आणि उडून गेली. मग दुसरी भुरकी आली. तीही ओढून पाहू लागली, पण ही आत शिरली, आणि राहिली. पिवळ्यानं खाली बोगदा विणून दिला. पुढच्या तुकड्यात भुरकी चोचीत किडे घेऊन आत-बाहेर करत होती. पिवळा शेजारच्या फांदीवर नवा खोपा सुरू करून पुन्हा पंख फडफडवत होता.

रीळ संपून पांढरा उजेड भिंतीवर नाचायला लागला. आत्याबाई म्हणाल्या, "पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. ते झाल्यावर त्या म्हणाल्या, "हाव. बांधते थो. नांदते ते." आणि थोड्या वेळानं, "तिकडं पिल्लं हायेत, आन् हा दुसरं मांडून राह्यला."

डॉक्टरांनी उठून पडदे उघडले. ते आईकडे बघत नव्हते.

इथे सांगायला हवं, की माझ्या सासऱ्यांनी दोन लग्नं केली होती. ते मी या घरात येण्याआधीच वारले. पूर्णा नदीच्या पलीकडे एका गावात त्यांची दुसरी जमीन होती, दुसरं घर होतं, आणि त्यात आत्याबाईंची सवत राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे तिचा उल्लेख कुणी करत नसे, आणि झालाच तर 'धाकटी' एवढाच.

आठ-दहा दिवसांनी आत्याबाई मला म्हणाल्या, "धाकटीच्या डोयात मोतीबिंदू पिकला म्हन्तात. घरात चाचपडत फिरते. त्याले सांग, तिले बोलावून घे म्हना. आन् डोया झाला का, हे पाखराचं दाखवू तिले."

"तुम्हीच सांगा ना त्यांना."

"तू सांग. मले नाई जमत."

धाकटी आली. बारीक, काटक बाई, आत्याबाईंपेक्षा कितीतरी लहान. मला वाटत होतं, आता घरात काय होईल. काही झालं नाही. ऑपरेशननंतर तेव्हा डोळ्याला पट्टी बांधून दिवसच्या दिवस उताणं निजवून ठेवायचे. आत्याबाईंनी तिला चमच्यानं पेज पाजली. दोघी फारसं बोलत नसत. "मीठ पुरलं काय?" "हाव." एवढंच ऐकू यायचं. पट्टी निघाली, धाकटी गावी जाऊन आली, मग तिचा जाड भिंगांचा चष्मा आला. तो घेऊन घरी जायच्या आधी आत्याबाईंनी तिला अंधारखोलीत आपल्या शेजारी बसवलं.

धाकटी पुढे वाकून, हात मांडीवर आवळून पाहत होती. पिवळा विणत होता तोवर तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. दुसरा खोपा आला तसं ते मावळलं. तिनं भिंतीकडे बोट केलं.

"बाई, हा ह्या खोप्याले काड्या कुठून आनते? पह्यल्याच्या उपसून तं नाई आनत?"

मी हे कधी पाहिलंच नव्हतं. मी रीळ मागे घेतलं. आम्ही चौघंही त्या पक्ष्याच्या चोचीकडे पाहत होतो. तो फांदीवरून उडायचा, चौकटीबाहेर जायचा आणि हिरवी ताजी चिंधी घेऊन यायचा. पहिला खोपा तोवर वाळून पिवळट झालेला.

"नाई वं," आत्याबाई म्हणाल्या. "हिरवी हाय, पाह्य ना. वावरातून आनते थो. ज्वारीची."

"खरंच?"

"मी तिथंच बसेल होती. पह्यल्या खोप्याची एक काडी बी नाई हालवली त्यानं."

धाकटीनं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाली, "मंग बरं हाय." आत्याबाईंनी मला खूण केली, पुन्हा लाव.

त्यानंतर तिचं येणं-जाणं सुरू झालं. वर्षातून दोन-तीनदा ती एसटीनं यायची. दुकानदाराचं म्हणणंही पुढे खरं ठरलं. काही वर्षांनी आमची फिल्म मिळेनाशी झाली. आम्ही नवा कॅमेरा घेतला तेव्हा लांब लेन्स त्याला बसली नाही. दांडी ओढायची हौस मी भरपूर भागवून घेतली, पण त्या दांडीनं खोप्याचे धागे कधी मोजण्याइतके दिसले नाहीत. डॉक्टर यावर काही बोलले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

जुन्या कॅमेऱ्याची शेवटची रिळं संपवताना मी एकदा आत्याबाईंसोबत धाकटीच्या गावी गेले होते. तिच्या विहिरीवर खोपे आहेत असं तिनं सांगितलं होतं. त्या वर्षी ते नव्हते. फांदीच मोडली होती. दुसरं काही मिळेल म्हणून मी बांधावर कॅमेरा मांडून बसले होते, तर दूर विहिरीच्या काठावर त्या दोघी बसलेल्या दिसल्या. मी लेन्स तिकडे वळवली. धाकटी हातवारे करून काहीतरी सांगत होती. आत्याबाई मान हलवत होत्या, मध्येच त्यांनी तिच्या गुडघ्यावर चापट मारली. चावी संपेपर्यंत मी काढत राहिले.

ते रीळ आत्याबाईंनी पाहिलं. मी विचारलं, "काय बोलत होता तुम्ही?"

त्या भिंतीकडेच बघत होत्या. "एवढ्या दुरून तोंडं दिसतात?"

"दिसतात."

"मंग सांगून काढत जाय," त्या म्हणाल्या. "मी चांगलं लुगडं नेसली असती."